वाचकांचे प्रश्न : कारखान्याचा वास कोणाच्या घरात शिरतो?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रदूषणाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहांची उत्तरं इथे देत आहोत. पत्र पाठवणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत.

कारखाने गरीब वस्तीजवळ आणून ठेवतात, की स्वस्त जागा पाहून गरीबच कारखान्याजवळ येतात? आमच्या वर्गात यावरून वाद झाला. (विद्यार्थिनी, ठाणे)

दोन्ही घडतं, पण कोणत्या क्रमाने घडतं ते पाहायला हवं. ठाणे खाडीच्या पूर्व काठाला आधी गावं होती : दिघा, ऐरोली, रबाळे, गोठिवली, घणसोली, कोपरखैरणे, पावणे, तुर्भे. आगरी-कोळ्यांची भातखाचरं, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्याची वागळे इस्टेट तिच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी, आणि त्याच दशकात खाडीपलीकडे टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्र आखलं गेलं. मुंबई जवळ, जमीन सलग आणि स्वस्त, पारसिकच्या डोंगरातून उतरणारे नाले थेट खाडीला मिळणारे. पहिल्या फेरीत कारखाना माणसांच्या दारात आला. ही माणसं मोबदल्यासाठी सरकारशी घासाघीस करू शकतील अशा स्थितीत नव्हती. १९७० नंतर सिडकोने नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घ्यायला सुरुवात केली, तेव्हाही चित्र फारसं वेगळं नव्हतं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागातल्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाची मागणी पुढे सरकली.

दुसऱ्या फेरीत माणसं कारखान्याजवळ आली. दगडखाणीतले आणि कंपन्यांमधले कंत्राटी कामगार डोंगरपायथ्याला राहू लागले. इलठणपाडा, तुर्भे स्टोअर अशा वस्त्या त्यातून वाढल्या. कामावर पायी जाता येतं, बसभाडं वाचतं, आणि खोलीचं भाडं कमी असतं. भाडं कमी असण्याच्या कारणांत वासही आहे. म्हणजे ते कुटुंब दरमहा काही रुपये वाचवतं आणि त्या बदल्यात फुप्फुसं देतं. याला कोणी ‘त्यांनी निवडलेली जागा’ म्हणत असेल, तर दुसरी कोणती जागा त्या पगारात मिळत होती ते त्याने दाखवावं. तिसऱ्या फेरीत सिडकोचे आखीव सेक्टर मुख्यतः ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आणि रुळांच्या पश्चिमेला उभे राहिले.

ठाण्यात याची उलटी बाजू दिसते. पोखरण रोड, घोडबंदर रोड, वागळे इस्टेट इथली जमीन तिथे बनणाऱ्या मालापेक्षा महाग झाली, तसे एकेक कारखाने बंद झाले आणि संकुलं आली. हवा तिथे सुधारली, पण ज्यांना चढा दर देता आला त्यांच्यासाठी. शहराचा कचरा मात्र वर्षानुवर्षं दिवा गावात पडत राहिला.

हा वाद जुना आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या वॉरन काउंटीत, गरीब आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या भागात, १९८२ साली पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेली माती पुरायला आणली तेव्हा लोक रस्त्यावर झोपून ट्रक अडवत होते. तिथल्या अभ्यासकांतही ‘आधी कोण आलं’ यावर बरीच शाई खर्च झाली. तुमच्या वर्गासाठी आमचं म्हणणं एवढंच, की प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रातली उत्सर्जनाची मर्यादा शेजारी कोण आणि कधी राहायला आलं हे पाहून बदलत नाही. ती पाळायची जबाबदारी कारखान्याची आहे, शेजारी आधीचा असो की नंतरचा.

दिवसा काही नाही, रात्री बारानंतर खिडकी उघडता येत नाही. थंडीत जास्त. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी अधिकारी येतात आणि ‘वास आढळला नाही’ असं लिहून जातात. मोबाइलवरचा हवेचा निर्देशांकही बरा दाखवतो. (रहिवासी, कोपरखैरणे)

अधिकारी येतात त्या वेळी खरोखरच वास नसतो. कारण वाऱ्यात आहे. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून आणि खाडीकडून डोंगराकडे वाहतो. तेव्हा कारखान्यांचा धूर पूर्वेला, पायथ्याच्या वस्त्यांवर जातो. रात्री जमीन थंड झाली की डोंगरउतारावरची गार हवा एमआयडीसी ओलांडून पश्चिमेला, तुमच्याकडे सरकते. थंडीत भर म्हणजे जमिनीलगत गार आणि वर उबदार हवेचा थर बसतो, त्यामुळे धूर वर न जाता खालीच पसरतो. सकाळी अकरा वाजताची पाहणी ही चुकीच्या वाऱ्यातली पाहणी आहे.

निर्देशांकाबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडचा निर्देशांक आठ घटकांवर काढतात : पीएम १० आणि पीएम २.५ (दोन्ही बारीक धूळ), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. टोल्युइनसारखे सॉल्व्हंट (पटकन उडणारी द्रावकं), हायड्रोजन सल्फाइड, मर्कॅप्टन त्यात नाहीतच. कारखान्याचा वास बहुधा याच मंडळींचा. दुसरं, धुळीचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर धरतात. तासभर पीएम २.५ घनमीटरला २५० मायक्रोग्रॅम आणि उरलेले २३ तास ५० असेल, तर सरासरी येते ५८. मर्यादा ६० आहे. कागदावर दिवस स्वच्छ.

म्हणून नोंदवही ठेवा. तीन-चार इमारतींतल्या प्रत्येकी एका घराने, निदान पंधरा दिवस. प्रत्येक नोंदीत तारीख, वास सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, सेक्टर आणि मजला, वाऱ्याची दिशा आणि वासाचा प्रकार. वाऱ्याची दिशा गच्चीवर अगरबत्ती लावून कळते. धूर पश्चिमेला जात असेल तर वारा पूर्वेचा, असं लिहा (यात उलटसुलट होते, म्हणून ‘धूर अमुक दिशेला गेला’ असंच लिहिलं तरी चालेल). वासाचा प्रकार नेहमीच्या शब्दांत : कुजकं अंडं, सडलेला कोबी, थिनर, नेलपॉलिश, जळकं रबर, फिनेल. थिनरचा वास टोल्युइनकडे बोट दाखवतो, नेलपॉलिशचा अ‍ॅसिटोन किंवा इथाइल अ‍ॅसिटेटकडे, कोबीचा मर्कॅप्टनकडे. हा पुरावा नव्हे, पण कोणत्या प्रकारच्या कारखान्यात शोधायचं ते त्यावरून ठरतं. मग नकाशावर प्रत्येक घरापासून वारा येण्याच्या दिशेला पट्टीने रेघ ओढा. रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या भागातल्या प्लॉटांची यादी करा. एका रात्रीच्या रेघांवर विसंबू नका. नाल्याचं पात्र आणि इमारतींमधल्या गल्ल्या वारा वळवतात.

तक्रार वास येत असतानाच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करा, ई-मेलवर वेळ आपोआप उमटते. ‘असह्य दुर्गंधी, कारवाई करावी’ एवढंच लिहिलं तर त्यावर काही करता येत नाही. ‘रात्री १२ ते ४ दरम्यान पाहणी करावी, अमुक प्लॉटांचे स्क्रबर (वाफा धुऊन काढणारी यंत्रं) तेव्हा चालू आहेत का ते पाहावं आणि वारा जिकडे जातो त्या बाजूला व्हीओसीचा (सॉल्व्हंटसारख्या उडणाऱ्या रसायनांचा) नमुना घ्यावा’ असं लिहा. नमुना घरच्या बाटलीत भरून नेऊ नका, कायद्यात तो टिकत नाही. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याला नोटीस देऊन घेतलेला, सीलबंद आणि सही केलेला नमुनाच पुराव्यात धरतात. हवेसाठी १९८१ च्या कायद्यात कलम २६ आहे.

आणि एक विनंती. तुमच्या नोंदी रात्रीच्या असतील, पायथ्याच्या वस्तीतल्या दिवसाच्या असतील. तिथल्या दोन घरांना वहीत सामील करून घ्या. मंडळाकडे तक्रारी पश्चिमेकडूनच आल्या, तर पूर्वेला त्रास नाही असंच दप्तरात दिसत राहतं.

आमची खोली एमआयडीसीच्या जागेवर आहे. तक्रार केली तर उद्या आम्हालाच नोटीस येईल अशी भीती वाटते. पोरांना सारखा खोकला असतो. (गृहिणी, तुर्भे स्टोअर)

ताई, तुमची भीती खरी आहे. ‘घाबरू नका’ असं आम्ही म्हणणार नाही. पण प्रदूषणाची तक्रार करायला घर नावावर असावं लागत नाही. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यात (कलम १८) बाधित व्यक्तीला आणि तिच्या वतीने संस्थेलाही अर्ज करता येतो. म्हणून एकट्याच्या नावाने जाऊ नका. बचत गट, शाळेची पालक समिती किंवा एखादी नोंदणीकृत संस्था यांच्या लेटरहेडवर तक्रार द्या आणि पत्त्यात खोली क्रमांक न टाकता वस्तीचं नाव टाका. माहिती अधिकाराच्या अर्जातही, कलम ६(२) प्रमाणे, संपर्कापुरता पत्ता पुरतो. माहिती कशाला हवी ते सांगावं लागत नाही.

खोकल्यासाठी महापालिकेच्या दवाखान्यात जा आणि केसपेपर जपून ठेवा. डॉक्टरांना सांगा : ‘कंपनीचा धूर येतो तेव्हा वाढतो, अमुक तारखेला अमुक वाजता झालं,’ आणि ते लिहून घ्यायला सांगा. नुसतं ‘खोकला, ताप’ लिहिलेल्या कागदावरून पुढे काही सिद्ध होत नाही. दहा घरांचे एकाच रात्रीचे केसपेपर एकत्र असले की तो वेगळाच कागद होतो.

वकील लागला तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही, म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा. आमच्या विभागासाठी लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. प्रदूषण थांबवण्यासाठीचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत आणि भरपाईचा पाच वर्षांत करायचा असतो. दोन्हीत सबळ कारण दाखवलं तर ६० दिवस जास्तीचे मिळू शकतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला भरपाईच्या अर्जाची फी माफ आहे.

कारखान्याला नेमकी कशाची परवानगी आहे हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? आमच्या गावठाणामागच्या नाल्याला पावसाळ्यात रंग येतो. (प्रकल्पग्रस्त कुटुंब, घणसोली)

गेटपासून सुरुवात करा. घातक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्याने आपण कोणती रसायनं हाताळतो, सांडपाणी, धूर आणि घातक कचरा किती, हे गेटबाहेर फलकावर लावायचं असतं. १४ ऑक्टोबर २००३ चा सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश आहे. फलक नसेल, कोरा असेल किंवा तारीख जुनी असेल तर त्याचा फोटो हीच पहिली तक्रार.

त्यानंतर कारखान्याचं संमतीपत्र मिळवा. ते मंडळाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधता येतं. सापडलं नाही तर प्रादेशिक कार्यालयात जाऊन जल कायद्याच्या कलम २५(६) खाली नोंदवही पाहायला मागा. सांडपाण्याने बाधित व्यक्तीला ती पाहण्याचा हक्क आहे. हे कलम फार कमी लोक वापरतात. माहिती अधिकारापेक्षा ते जलद ठरू शकतं, कारण ३० दिवस थांबावं लागत नाही.

संमतीपत्रात चार गोष्टी पाहा. मुदत संपली आहे का. उत्पादनांची यादी आणि टन. सांडपाणी रोज किती घनमीटर आणि ते कुठे सोडायचं : सामायिक प्रक्रिया केंद्राला (सीईटीपी), की आवारातल्या झाडांना. आणि घातक कचऱ्याचा तक्ता. नाल्यात सोडायची परवानगीच नसेल, तर रंगीत पाण्याची चाचणी मर्यादेत आली तरी ते बेकायदेशीर आहे. हा मुद्दा तक्रारीत आधी लिहा, कारण बहुतेक वेळा वाद ‘सीओडी (सांडपाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) किती आला’ इथेच अडकून पडतो.

मग पाण्याचा हिशेब मांडा. समजा कारखाना रोज १०० घनमीटर पाणी घेतो. १० संडास-स्वयंपाकाला, ४० कूलिंग टॉवर आणि बॉयलरमधून वाफ होऊन, १० मालात. राहिले ४०. सीईटीपीला पाठवल्याची नोंद १२ ची असेल, तर २८ घनमीटर गेले कुठे? पाण्याची बिलं एमआयडीसीकडून, सांडपाण्याच्या नोंदी मंडळाकडून, आणि दोन्हींची बेरीज जुळते का ते ‘फॉर्म ५’ मध्ये. हे पर्यावरण विवरणपत्र कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण (फॉर्म ४) ३० जूनपर्यंत.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, महाराष्ट्रात शब्दमर्यादा १५० आणि एका अर्जात एकच विषय. ‘प्रदूषणाची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज हमखास परत येतो. ‘प्लॉट क्रमांक अमुक, गेल्या तीन वर्षांचे फॉर्म ५ यांच्या प्रती’ एवढंच लिहा. बिलांसाठी वेगळा अर्ज.

पावसाळ्यातच रंग येतो त्याची दोन कारणं असू शकतात. आवारात उघड्यावर ठेवलेली पिंपं आणि गाळ पावसात धुऊन निघतो, किंवा साठवून ठेवलेलं सांडपाणी पुराच्या आडोशाने सोडलं जातं. पहिल्या मोठ्या पावसाच्या पहिल्या दोन तासांत रंग आला आणि मग ओसरला, तर पहिलं. मध्यरात्री, जोर असताना, दर वेळी एकाच वळणाखाली आला, तर दुसरं.

याच नाल्याकाठच्या कारखान्यासाठी जनसुनावणी का झाली नाही, असंही तुम्ही विचारलं आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने मान्य औद्योगिक वसाहतींमधल्या प्रकल्पांना सुनावणीतून सूट ठेवली आहे. वसाहतीच्या कुंपणालगत राहणाऱ्यांचं मत त्यामुळे कोणी विचारत नाही. ही तरतूद बदलायला हवी.

आमच्या २० मजली इमारतीसमोर रासायनिक कारखाना आहे. तो इथून हलवावा यासाठी सोसायट्या एकत्र येत आहेत. मसुदा तपासून द्याल का? (सोसायटी सचिव, रबाळे)

मसुद्यातली ‘स्थलांतर’ ही पहिली मागणी काढून टाकावी, असा आमचा आग्रह आहे. डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये स्फोट झाले तेव्हाही हीच मागणी पुढे आली. हलवायचं कुठे, तर जिथे जमीन स्वस्त आणि आवाज क्षीण असेल तिथे. तळोज्याच्या कासाडी नदीकाठी २०१७ च्या ऑगस्टमध्ये निळी पडलेली कुत्री सगळ्या देशाने पाहिली. तिथली गावंही कोणाची तरी घरं आहेत. शिवाय कारखाना गेला तर डोंगरपायथ्याच्या खोल्यांतली रोजंदारी जाते आणि त्यांच्या वाट्याला जुन्या जमिनीतलं रसायन उरतं.

यंत्रणेबद्दल मागा. तुमच्या पत्रावरून मुख्य अडचण चिमणीची दिसते. बॉयलरच्या चिमणीची उंची १४ × (ताशी सल्फर डायऑक्साइड, किलोत) चा ०.३ घात, या सूत्राने काढतात, आणि किमान ३० मीटर. ताशी १० किलो वायूला सूत्र २८ मीटर देतं, म्हणून ३० धरतात. कारखाना आला तेव्हा आसपास बैठी घरं होती. तुमचा विसावा मजला ६० मीटरवर आहे, म्हणजे चिमणीचं तोंड तुमच्या दहाव्या मजल्यासमोर. इमारतीला परवानगी देणाऱ्यांनी हे पाहायला हवं होतं. आता उपाय म्हणजे इंधन बदलणं : कोळसा किंवा फर्नेस ऑइलऐवजी पाइप गॅस.

स्क्रबरबद्दल नेमकं विचारा. आम्लाच्या वाफा कॉस्टिकच्या पाण्यात विरतात, पण द्रावणाचा पीएच उतरला की शोषण थांबतं, म्हणून पीएचची नोंद दर पाळीला हवी. थिनरसारखा वास असेल तर पाण्याचा स्क्रबर कुचकामी. टोल्युइन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला गार ब्राइनचा (मिठाच्या पाण्याचा) कंडेन्सर आणि त्यामागे सक्रिय कार्बन लागतो. कार्बनही भरतो, शेवटचा कधी बदलला त्याचं बिल मागा. रात्री वीज वाचवायला पंखा आणि पंप बंद ठेवणं हा सर्वांत सोपा गैरप्रकार. तो पकडायला प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या वेगळ्या वीजमीटरच्या नोंदी तपासाव्यात अशी मागणी करा. उत्पादन दुप्पट आणि युनिट तेवढीच, तर आणखी सांगायला नको.

गॅस गळती झाली तर पळायचं कुठे? आमच्या गल्लीला एकच तोंड आहे आणि ते कंपनीच्या गेटकडे. (तरुण मंडळ, इलठणपाडा)

वारा जिकडे वाहतो तिकडे पळू नका, गॅसही तिकडेच येतो. वाऱ्याला आडवं, म्हणजे काटकोनात जा. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, हायड्रोजन सल्फाइडही जड. दोन्ही गटारात आणि सखल खोल्यांत साचतात, म्हणून वरच्या अंगाला चढा. बाहेर पडता येत नसेल तर दारं-खिडक्या बंद, फटींत ओली फडकी, पंखा आणि स्वयंपाकाचा गॅस बंद. ओलं फडकं अमोनिया आणि क्लोरीनपुढे थोडा वेळ टिकतं, सॉल्व्हंट आणि कार्बन मोनॉक्साइडपुढे नाही. कुजक्या अंड्याचा वास एकाएकी यायचा थांबला तर गॅस गेला असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं.

एकच तोंड असलेली गल्ली हा मात्र तुम्ही सोडवायचा प्रश्न नाही. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे मोठा धोका असलेल्या औद्योगिक भागासाठी स्थानिक आपत्ती गट असतो, त्याची दर महिन्याला बैठक आणि दर सहा महिन्यांनी मोठी रंगीत तालीम व्हायला हवी. कारखान्याबाहेरच्या भागाची आपत्कालीन योजना जिल्हा प्रशासनाकडे असते. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : शेवटच्या तालमीची तारीख, त्यात तुमची वस्ती होती का, आणि योजनेत तुमच्या गल्लीतून बाहेर पडायची वाट कोणती दाखवली आहे. वाट दाखवलेलीच नसेल तर मागच्या बाजूला पायऱ्या किंवा फाटक यासाठी महापालिका आणि एमआयडीसी दोघांना एकाच पत्राने लिहा, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही.

अपघात झालाच तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मुदत पाच वर्षं. कारखान्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. वस्तीत राहत होता हे दाखवायला भाडेकरार नसेल, तर शाळेचा दाखला, वीजबिल, लसीकरणाचं कार्ड आणि त्या दिवसाचा केसपेपर यांच्या झेरॉक्स आत्ताच काढून वस्तीबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा.